फुकट पेटीतली पांढरी चादर

मी एक चादर बोलतेय. पांढरी, साधी, बिनकाठाची. मला दोरीवर वाळत घातलेलं तुम्ही कधी पाहिलं नसेल, कारण मी कधी भिजलेच नाही. माझ्यात एक धागासुद्धा नाही. कॉम्प्युटरच्या आत एक जग आहे. तिथं माणसं आपापलं बाहुलं घेऊन हिंडतात, गप्पा मारतात, घरं बांधतात, नाचतात. मी त्या जगातली चादर.

मला कुणी बनवलं ते मला सांगता येणार नाही. त्यानं नाव लिहिलं नाही. पलंग बनवता बनवता त्यानं मला केलं. पलंग काही जमला नाही, तो त्यानं टाकून दिला. मला टाकून द्यायला मात्र त्याचा जीव झाला नाही. त्यानं मला एका पेटीत घातलं, पेटी फुकट बाजारात ठेवली आणि वर लिहिलं, ‘फुकट. हवी तशी बदला. दुसऱ्याला द्या, पण विकू नका.’ तो गेला तो परत आला नाही.

फुकट बाजार म्हणजे एक भलंमोठं मैदान. पेट्यांच्या रांगाच रांगा. पंख, शिंगं, तलवारी, वाघाची शेपटी, तीन पायांचा घोडा. कुणाला नको झालेलं, कुणी मनापासून वाटायला काढलेलं, सगळं तिथं. आणि या बाजाराची गंमत अशी, की वस्तू उचलली तरी जागेवर तशीच दुसरी उरते. म्हणून मी एकाच वेळी दहा जणांच्या पिशवीत असू शकते आणि बाजारातही.

फुकट म्हटलं की माणसाचं काय होतं, ते मी तिथं बसून पाहिलं. एका गृहस्थानं एका दुपारी चारशे पेट्या उचलल्या. आत काय आहे हेही वाचलं नाही. त्याच्या पिशवीत मी दोन वर्षं अंधारात पडून होते, माझ्या वर एक तोफ आणि खाली नाताळचं झाड. दुसऱ्या एकानं मला डोक्यावरून पांघरलं, भूत होऊन चार पोरींना घाबरवलं आणि अर्ध्या तासात काढून टाकलं. चादरीचं आयुष्य म्हणून एवढंच होतं म्हणा ना.

मग एका मंगळवारी दुपारी बाजारात एक नवं बाहुलं आलं. आलं ते सरळ कोपऱ्यात गेलं आणि भिंतीकडं तोंड करून उभं राहिलं.

आणि आवाज आला, “साजिया, अगं हिला आदी कायतरी घालायला बघ! गुडघं उघडं हायेत हिचं.”

नव्या माणसाला त्या जगात एक बिनबाह्यांचा बनियन आणि अर्धी चड्डी मिळते. बाकीचं आपलं आपण शोधायचं. त्या बाहुलीच्या मालकीणबाईंना हे ठाऊक नव्हतं. माइक बंद करता येतो हेही ठाऊक नव्हतं, आणि पुढंही त्यांनी तो कधी बंद केला नाही. म्हणूनच मला ही सगळी गोष्ट सांगता येतेय. मी त्यांचं घर पाहिलं नाही, फक्त ऐकलं. उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी, भंगारवाल्याची आरोळी, कुकरच्या शिट्ट्या, असं सगळं इंदापूर आमच्या बाजारात ऐकू यायचं.

बाईंचं नाव अक्काबाई. वय त्रेसष्ट. अंथुर्ण्याच्या बाजूला सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होत्या. रिटायर झाल्या, इंदापुरात दोन खोल्यांचं घर केलं, तरी सगळे त्यांना अजून सिस्टरच म्हणतात. शेजारी साजियाचं लेडीज टेलरिंगचं दुकान. साजियाचा मुलगा हारिस अक्काबाईंच्याच हातावर जन्मला आणि आता बारामतीला इंजिनिअरिंग शिकतोय. त्यामुळं दुपारी गिऱ्हाईक नसलं की साजिया सिस्टरांच्या घरी, हा नेमच.

अक्काबाई या जगात आल्या त्या लग्नासाठी.

लग्न त्यांच्या भाचीचं, पायलचं. पायल म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ गंगाराम, वरकुट्याला शेती करतात, त्यांची एकुलती एक लेक. आई लवकर गेली, म्हणून पायल पाचवीपासून आत्याकडं राहून शिकली. आता ती जर्मनीत नोकरीला. तिथंच तिला नांदेडचा सुयश भेटला. दोघांच्या राहण्याचे कागद नव्यानं व्हायचे होते, आणि ते हातात पडेपर्यंत देश सोडला तर परत जाता येईल याची खात्री नव्हती. कागद सहा महिन्यांत येतील, नाहीतर वर्षानं, कुणी सांगेना. म्हणून दोघांनी ठरवलं, तिथल्या कचेरीत सही करायची, आणि त्याच दिवशी या जगात मांडव घालून, दोन्हीकडची माणसं बोलावून, त्रिशरण-पंचशील घेऊन आपल्या रीतीनं लग्न लावायचं.

“आत्या, तू आलीस की झालं,” पायलनं सांगितलं होतं.

“येणार की. पन असल्या चड्डीत न्हाय येणार,” अक्काबाई म्हणाल्या.

पायल म्हणाली, “मी विकत घेऊन देते एखादा छान ड्रेस.”

“तू नवरी हायेस. तू तुजं बघ. माजं मी बघती.”

आणि त्या बघायला लागल्या. रोज दुपारी दोन ते चार. साजिया पेट्यांवरची इंग्रजी अक्षरं जुळवून वाचायची आणि अक्काबाई माउस धरायच्या. परीचे झगे निघाले, चामड्याची जाकिटं निघाली, एकदा तर अख्खं मगरीचं कातडं अंगावर चढलं आणि निघेना. साडी म्हणून एकही नाही. बाई मांजराचे कान लावून अर्धा तास बाजारात हिंडल्या, कारण ते कसे काढायचे ते सापडेना.

चौथ्या दिवशी साजियानं माझी पेटी वाचली. “एस, एच… शीट. सिस्टर, शीट म्हंजी चादर न्हवं?”

“उगड.”

पेटी उघडली. मी बाहेर आले, सपाट, पांढरी. मग अक्काबाई हसल्या. “अगं, ही तर आमच्या वॉर्डातली. असल्या किती हातरल्या असतील मी! कोपरं दाबून, एक सुरकुती न्हाय.”

“सिस्टर, साडी म्हंजी तरी काय?” साजिया म्हणाली. “लांब कापडच की. न शिवलेलं.”

“पांढरी हाय. आमच्या लग्नाला पांढरीच पायजे.”

“मग हिलाच नेसवू या.”

पहिल्यांदाच कुणी मला उलगडून नीट पाहिलं.

पण नेसवणं सोपं नव्हतं. माझं एक टोक माउसनं धरायचं, ओढायचं, वाकवायचं, मग दुसरं. पहिल्या दिवशी माझा तंबू झाला. दुसऱ्या दिवशी निऱ्या घातल्या त्या पत्र्यासारख्या ताठ, पुढं फूटभर आलेल्या. तिसऱ्या दिवशी साजिया खुर्चीवरून उठली. “असं न्हाय जमायचं. सिस्टर, तुमी उभ्या ऱ्हावा.” मला कपाट उघडल्याचा आवाज आला. तिनं खरी साडी काढली, अक्काबाईंना नेसवली आणि एकेक घडी मोजत, बोटानं अंतर मापत स्क्रीनवर माझ्या अंगावर उतरवली. खरी निरी, मग माझी निरी. खरा पदर, मग माझा पदर. साजियाचे हात आयुष्यभर कापडात गेलेले. तिनं मला शिकवलं की कापड कुठं थांबतं आणि कुठं सुटतं.

मी साडीसारखी दिसायला लागले. पण अक्काबाई चालायला लागल्या आणि उजवा पाय निऱ्यांच्या आरपार बाहेर आला.

“अगं बाई!” दोघी एकदम ओरडल्या.

तेवढ्यात शिंगं लावलेलं एक काळं-तांबडं बाहुलं जवळ आलं. ते रोज लांबून बघत असायचं. कुठल्या देशाचं, पुरुष की बाई, काही कळत नव्हतं. त्याला मराठी येत नव्हती, यांना त्याची भाषा येत नव्हती. त्यानं एकेक चित्र पाठवून दाखवलं, की प्रत्येक निरी पायाशी जोडायची, म्हणजे पाय हलला की निरीही हलते. जोडायला दोन दुपारी गेल्या. तो शिंगवाला शेवटपर्यंत थांबला.

“लई उपकार झालं भाऊ,” अक्काबाई माइकमध्ये म्हणाल्या. शिंगवाल्यानं मान लववली आणि उडून गेला.

त्या दिवशी अक्काबाई पहिल्यांदा बाजाराच्या मधोमध चालल्या. घाई नाही, लपणं नाही. पदर सावरायला हात उचलायचं बटण त्यांना सापडलं होतं, ते त्या पाचपाच मिनिटांनी दाबत होत्या. पदर काही घसरत नव्हता. पण बाईंना दाबायला आवडत होतं.

पायल भेटायला आली तेव्हा तिच्या बाहुलीच्या अंगात विकत घेतलेला लांब गुलाबी झगा होता. ती समोर येऊन थबकली.

“आत्या! ही कुठं मिळाली?”

“मिळाली न्हाय. आमी केली. मी आन साजियानं.”

आत्याभोवती तिनं एक चक्कर मारली. मग हळूच म्हणाली, “दोन महिने शोधतेय गं मी. विकतच्या सगळ्या साड्या चमकीच्या, पाठ उघडी. पांढरी साधी एकही नाही. म्हणून मग हा झगाच घालणार होते लग्नात.”

“मग सांगायचं न्हाय व्हय आदी?”

“तू म्हणालीस ना, तुजं तू बघ.”

साजियानं मध्येच तोंड घातलं. “पायल, नवरीची अशी साधी न्हाय द्यायची. मी काठ लावती. निळा.” आणि तिनं बोटभर रुंदीचा निळा काठ मला लावला. मला आयुष्यात पहिल्यांदा काठ आला.

आता सगळं जमलं होतं, पण नवरीचा बाप यायला तयार नव्हता.

गंगाराम एका रविवारी मोटारीचा पाइप न्यायला इंदापुरात आले आणि बहिणीकडं चहाला थांबले. बाजारात उभी राहून मी सगळं ऐकत होते.

“कॉम्प्युटरमदी लगीन असतंय का कुठं, अक्का?”

“सही खरी हाय, पंचशील खरं हाय, माणसं खरी हायेत. मग?”

बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. “तुला सांगू का? पाचवीला ती तुज्याकडं आली, मी यष्टीत बसवून दिली. हॉस्टेलला गेली, मी यष्टीत बसवून दिली. जर्मनीला गेली तवा इमानतळाच्या दारापतुर. म्हटलं, लग्नात तरी मी तिच्या शेजारी उभा ऱ्हाईन. तर आता तितं मी काय करू? खुर्चीवर बसून टीव्हीगत बघू?”

अक्काबाई म्हणजे एकतीस वर्षं पेशंटचं ऐकून घेतलेली बाई. कुणाचं दुखणं नेमकं कुठं आहे ते त्यांना कळायचं. मग म्हणाल्या, “बापाला काम हाय तितं.”

“काय काम?”

“नवरीचा हात धरून तिला मांडवात आणायचं. तळ्यापासनं मांडवापतुर. बाहुल्याला हात धरता येतो, चालता येतं. पन चालवायचं ज्याचं त्यानं. मला न्हाय जमायचं दोन बाहुली.”

“आन मी न्हाय आलो तर?”

“तर ती एकटी चालंल.”

खुर्ची कॉम्प्युटरकडं ओढल्याचा आवाज आला. मग गंगाराम म्हणाले, “कुठलं बटान दाबायचं असतंय चालायला?”

त्यांच्यासाठी हारिसचा जुना लॅपटॉप आला. गंगाराम पहिल्याच दिवशी तळ्यात गेले. दुसऱ्या दिवशी एका नाचाच्या मैफलीत घुसले आणि बाहेरचा रस्ता सापडेना. वरकुट्याहून रोज मोटारसायकलवर यायचे, तासभर बाण दाबून चालायला शिकायचे. ट्रॅक्टर वळवणारा माणूस, पण बाहुलं वळवताना आख्खं अंग वळवायचे, खुर्ची करकरायची. साजिया हसून हसून दुकानात पळून जायची.

आणि एकदा त्यांचं लक्ष गेलं. “अक्का, मला बी चड्डीच हाय की! असल्या चड्डीत मी लेकीच्या लग्नात?”

“चादर हाय,” अक्काबाई म्हणाल्या.

धोतर मात्र गंगारामांनी साजियाला नेसवू दिलं नाही. “ते तुमाला न्हाय कळायचं,” म्हणत स्वतः माउस धरला, आणि कासोटा, निऱ्या, सगळं एका दुपारीत केलं. निऱ्या जोडायचं मात्र साजियाकडूनच शिकून घेतलं. माझी दुसरी घडी घेऊन फेटा बांधला. माझ्यातून धोतर निघेल, फेटा निघेल, हे त्या पलंगवाल्याला स्वप्नातही आलं नसेल.

लग्न शनिवारी, आपल्याकडच्या दुपारी चार वाजता. तळ्याकाठी मांडव. मधोमध बुद्धमूर्ती, पुढं मेणबत्त्या. नांदेडहून सुयशचे आईवडील, मामा, बहिणी. जर्मनीतली मित्रमंडळी. अडतीस बाहुली, आणि पायलनं सगळ्यांना माझी पेटी पाठवलेली, म्हणून सगळ्यांच्या अंगावर मी. कुणी नेसलेली, कुणी पांघरलेली, एका जर्मन पोरानं मला पाठीवर गाठ मारून बांधलेली, पण पांढरी. इंदापुरातले वयस्क बौद्धाचार्य आबाजी अक्काबाईंच्या खोलीत त्यांच्याच माइकपुढं बसले होते.

तळ्याच्या काठावरून गंगाराम निघाले. पायलचा हात हातात. बाण बेतानं दाबत, एकेक पाऊल. तळ्याकडं झुकत नव्हते. मांडव वीस पावलांवर राहिला.

आणि गंगाराम नाहीसे झाले.

अक्काबाईही नाहीशा झाल्या. आबाजींचा आवाज मध्येच तुटला. ट्रॅक्टर नाही, शिट्टी नाही, काही नाही. इतक्या दिवसांत इंदापूर पहिल्यांदाच गप्प झालं.

लाईट गेली होती. पंखा बंद, इंटरनेट बंद.

पायल वाटेच्या मधोमध उभी राहिली, एक हात बाजूला धरलेला, त्या हातात कुणीच नाही. सुयशचे मामा म्हणाले, “नवरीला पुढं येऊ द्या, मुहूर्ताचं काही नसलं तरी लोक खोळंबलेत.” सुयश म्हणाला, “थांबू या.” कुणी तरी पुन्हा म्हणालं, “पायल, ये ना. मी आणतो तुला.”

“बाबा येईपर्यंत मी इथंच आहे,” पायल म्हणाली.

तिनं हातही खाली घेतला नाही. मी तिच्या अंगावर होते. अठरा मिनिटं ती तशी उभी होती. त्या जगात हात दुखत नाहीत म्हणतात. पण जर्मनीत कुणीतरी एक बटण अठरा मिनिटं दाबून धरलं होतं, ते बोट दुखलंच असेल.

तिकडं काय झालं ते मी नंतर पंचवीस वेळा ऐकलं. साजियाच्या दुकानात इन्व्हर्टर होता. तिनं तिथून वायर ओढली, खिडकीतून आत घेतली. वायर तोकडी पडली. गंगारामांनी आख्खं टेबल कॉम्प्युटरसकट उचलून खिडकीपाशी नेलं. आबाजी हातात टॉर्च धरून उभे, भर दुपारी, उगाच. इंटरनेटचा डबा सुरू झाला, लाल दिवा, पुन्हा लाल, मग हिरवा.

त्या जगाचा एक नियम मला फार आवडतो. माणूस जिथून नाहीसा होतो, परत येताना तिथंच उगवतो.

गंगाराम तिथंच उगवले. फेटा, धोतर, सगळं जागच्या जागी. आवाज मात्र धापा टाकत होता. “पायले, हायेस का गं?”

“आहे, बाबा.”

“चल मग.”

वीस पावलं राहिली होती, ती दोघांनी पार केली. मांडवात पोचल्यावर गंगारामांनी तिचा हात सोडला आणि चुकून बसायच्या ऐवजी नाचायचं बटण दाबलं. बापाचं बाहुलं बुद्धमूर्तीसमोर दोन गिरक्या घेऊन खाली बसलं. नांदेडची मंडळी इतकी हसली की आबाजींना पंचशील दोनदा सुरू करावं लागलं. हार घातले गेले, टाळ्या झाल्या. साजिया आणि अक्काबाई दोघी एकाच माइकमध्ये रडत होत्या, आणि दोघी एकमेकींना सांगत होत्या, रडू नकोस.

दुसऱ्या दिवशी गंगाराम पुन्हा हजर. “अक्का, ते ठिकान आज बी उगडं असतंय का?”

“चोवीस तास.”

“मग पायल येती का बग की.”

आता दर रविवारी दुपारी तळ्याकाठच्या बाकावर सासरा, जावई आणि लेक बसतात. कागद अजून आलेले नाहीत, पण गंगाराम त्याबद्दल रोज विचारायचे ते आता आठवड्यातून एकदा विचारतात. अक्काबाई आणि साजिया दर मंगळवारी फुकट बाजारात उभ्या असतात. नवी, बनियन-चड्डीतली बावरलेली बाहुली आली की त्यांना रांगा दाखवतात. बाजारात माझी नवी पेटी आहे, निऱ्या जोडलेली.

परवा तर बाकावर गंगाराम एकटेच होते. एक उंच, सोनेरी केसांची बाहुली आली, त्यांच्या फेट्याकडं बोट दाखवून काहीतरी लिहिलं.

“अक्का, काय म्हनतीया ही?”

“केवड्याला म्हनून इचारतीया,” शेजारून साजियानं अक्षरं जुळवून सांगितलं.

गंगारामांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, मराठीत लिहिलं, ‘फुकट.’ तिला वाचता येईना. तिनं तीच अक्षरं उतरवून पुढं प्रश्नचिन्ह लावलं, ‘फुकट?’

‘व्हय. घ्या,’ गंगारामांनी लिहिलं आणि माझी पेटी तिच्यापुढं ठेवली.

मला माणसांकडं एकच मागायचं आहे. या बाजारात या, पोटभर हिंडा, पण चारशे पेट्या उचलू नका. एकच उचला आणि उघडून बघा. आत पडून राहण्यासारखी शिक्षा नाही, आणि कुणाच्या अंगावर जाण्यासारखं सुख नाही.

बरं, मी निघते. ती सोनेरी केसांची बाई कुठल्या देशाची कोण जाणे, तिनं मला उलगडलंय, आणि पदर कुठल्या खांद्यावर घ्यायचा ते तिला अजून ठरवता आलेलं नाही.